सगळंच तळाशी: परभणीच्या उन्हाळ्यात अडलेल्या एका प्रथिनाचं प्रकरण

हे प्रकरण परभणीतल्या एका महाविद्यालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेतलं आहे. पीएच.डी. करणारी एक मुलगी, तिच्या मार्गदर्शक मॅडम, प्रयोगशाळेचे मामा आणि अधूनमधून सल्ला द्यायला जाणारा मी, एवढीच माणसं. वाद होता एका वाक्यावरून. परिषदेला पाठवायच्या गोषवाऱ्यात तिनं लिहिलं होतं, 'या बदलामुळे प्रथिनाच्या गुठळ्या होतात आणि म्हणून क्षयाच्या जंतूवर पायराझिनामाइड चालत नाही.' बदल म्हणजे जंतूच्या जनुकातला, आणि त्यातून प्रथिनातला, एक फेरफार; पायराझिनामाइड हे क्षयावरचं औषध. वाक्य दिसायला चोख. सोबत पुरावा म्हणून जेलचा, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या पट्टीचा, फोटो. पण त्या फोटोवरून ते वाक्य निघत नव्हतं.

आधी औषधाबद्दल. क्षयाच्या रुग्णाला सरकारी दवाखान्यातून रोज घ्यायच्या ज्या एकत्रित गोळ्या मिळतात, त्यांत पहिले दोन महिने चार औषधं असतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. 'गोळ्या सुरू झाल्यापासून सांधे धरलेत' ही तक्रार गावोगावच्या आशाताईंना पाठ झालेली असते. ती बहुतेक वेळा याच औषधामुळे, कारण त्यानं रक्तातलं युरिक आम्ल वाढतं. पण त्याला पर्याय सहज सापडत नाही. इतर औषधं वाढणाऱ्या जंतूंवर जोर लावतात. हे मात्र आम्लधर्मी जागेत, जवळजवळ झोपून राहिलेल्या जंतूंना गाठतं. १९५२ पासून ते वापरात आहे, आणि नऊ महिन्यांचा उपचार सहा महिन्यांवर आला त्यात त्याचा मोठा वाटा आहे.

गंमत अशी की गोळीतलं पायराझिनामाइड जंतूला थेट मारत नाही. ते जंतूच्या पोटात जातं, तिथं जंतूचंच एक विकर (एन्झाइम), पायराझिनामायडेज, त्याचं पायराझिनोइक आम्ल करतं, आणि मग ते आम्ल घात करतं. म्हणजे जंतू स्वतःच्या हातानं विष तयार करतो. हे विकर बनवणाऱ्या जनुकाचं नाव पीएनसी-ए. त्यात बिघाड झाला की औषध निकामी होतं, हे १९९६ मध्ये दाखवलं गेलं. प्रथिन लहानसं आहे, १८६ अमिनो आम्लांचं. २०११ मध्ये स्फटिकावरून त्याची रचना प्रसिद्ध झाली. आठव्या जागेवरचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ९६ व्या जागेवरचं लायसीन आणि १३८ व्या जागेवरचं सिस्टीन हे तिघं मिळून प्रत्यक्ष काम करतात, आणि शेजारी ४९, ५१, ५७ आणि ७१ या जागांवरची अमिनो आम्लं लोहाचा एक अणू धरून बसलेली असतात.

आता या प्रकरणाची खरी अडचण. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या जंतूंत बदल कुठं असतात ते आधीच ठाऊक असतं: हे औषध ज्या प्रथिनावर घाव घालतं ते बनवणाऱ्या आरपीओ-बी जनुकातल्या ८१ अक्षरांच्या एका पट्ट्यात, सुमारे ९५ टक्के वेळा. म्हणून तर सीबीनॅट आणि ट्रूनॅटसारख्या यंत्रांना दोन-एक तासांत 'रिफाम्पिसिन रेझिस्टन्स' असल्याचं सांगता येतं. पीएनसी-एमध्ये तसा पट्टा नाही. रुग्णांच्या जंतूंत सापडलेले बदल जनुकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले आहेत. तीन ठिकाणी थोडी दाटी आहे, बाकी सगळीकडे विखुरलेले. असं का? विहिरीवरची मोटर बंदच पाडायची असेल तर वायर तोडा, कंडेन्सर जाळा, फूट व्हॉल्व्ह फोडा, कुठूनही जमतं. पण मोटर चालू राहिली पाहिजे आणि फक्त एका ठरावीक माणसाला ती सुरू करता येऊ नये, असं करायचं म्हटलं तर हात घालायला जागा मोजक्याच उरतात. आरपीओ-बीशिवाय जंतू जगत नाही, त्यामुळे त्याला ते प्रथिन चालू ठेवूनच औषध टाळावं लागतं. पीएनसी-एशिवाय त्याचं फारसं अडत नाही. ते मोडलं तरी चालतं. आणि मोडायला वाटा हजार.

एका अक्षराचा बदल काय करतो याचं उदाहरण आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर आहे. गुरांमध्ये क्षय करणाऱ्या मायकोबॅक्टेरियम बोव्हिस या जंतूच्या पीएनसी-एमध्ये ५७ व्या जागी हिस्टिडीनऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल असतं. लोह धरणाऱ्या चौघांपैकी एक गेला, की पायराझिनामाइड त्या जंतूवर मुळातच चालत नाही. बीसीजीची लस याच जंतूपासून तयार झाली, १९२१ मध्ये पहिल्यांदा माणसाला दिली गेली, आणि तिच्यातही हाच बदल आहे. डॉक्टरला क्षय कुठून आला हे कळणं किती कामाचं, ते यावरून लक्षात यावं. निरसं दूध पिण्याची सवय असलेल्या घरात तर हा मुद्दा पुस्तकापुरता राहत नाही.

या मुलीनं घेतलेला बदल लोहाजवळचा नव्हता, आणि काम करणाऱ्या त्रिकुटातलाही नव्हता. रुग्णांत आढळलेला, ल्युसीनच्या जागी प्रोलीन आणणारा एक बदल. (जागेचा आकडा देत नाही, काम अजून चालू आहे.) प्रोलीन हे अमिनो आम्लांतलं हट्टी प्रकरण. त्याची बाजूची साखळी मागे वळून कण्यालाच जोडलेली असते, त्यामुळे साखळीला हवं तसं वळता येत नाही, आणि जिथं सुरळीत पट्टी किंवा मळसूत्र असायला हवं तिथं मोडण पडतं. तिचा प्रश्न रास्त होता: या बदलानं विकराचं काम बंद पडतं, की विकराची घडीच, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी दुमडून घेते तो आकारच, बसत नाही?

सुरुवात संगणकावर. साखळीवरून घडीचं चित्र काढणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रणालीला मूळ आणि बदललेली, अशा दोन्ही साखळ्या दिल्या. चित्रं आली ती जवळजवळ एकावर एक बसणारी. 'काहीच फरक नाही सर, म्हणजे घडी शाबूत आहे.' इथं पहिला फसवा निष्कर्ष. अल्फाफोल्ड रचनेचा अंदाज देतं, आणि तो बऱ्याचदा थक्क करणारा असतो. त्यामागच्या दोघांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. पण एका अमिनो आम्लाच्या बदलानं घडी किती डळमळीत होते हे सांगण्यासाठी ते बनलेलंच नाही. घडी बसली तर कशी दिसेल, याचं ते उत्तर आहे. बसेल का आणि टिकेल का, हे प्रश्न त्याला विचारलेलेच नसतात.

मग प्रत्यक्ष काम. जिवंत क्षयजंतू इथं हाताळलेला नाही, तशी सोयही नाही आणि गरजही नव्हती. जनुक कृत्रिमरीत्या बनवून मागवलं, प्लाझमिडमध्ये (जनुक जिवाणूत नेणाऱ्या डीएनएच्या गोल तुकड्यात) घातलं, आणि ई. कोलाय या जिवाणूच्या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या वाणाकडून प्रथिन करून घेतलं. ३७ अंश, १ मिलिमोलर आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन), चार तास. पेशी फोडल्या, सेंट्रिफ्यूज केलं, वरचं पाणी आणि तळाचा साका वेगवेगळा जेलवर चढवला. प्रथिनांना निळं करणारा कुमासी रंग उतरल्यावर साक्याच्या रांगेत २० किलोडाल्टनच्या जरा वर, या प्रथिनाच्या वजनाच्या जागी, बोटभर जाड निळा पट्टा. वरच्या पाण्याच्या रांगेत त्या जागी काही नाही. ई. कोलायनं प्रथिन भरपूर बनवलं होतं, पण सगळं इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे न विरघळणाऱ्या गोळ्यांत गेलं होतं. त्या रात्रीच गोषवारा लिहून झाला.

मी विचारलं, 'मूळ प्रथिनाची रांग कुठंय?'

'सर, ते तर पेपरांत आहे की. ते वर येतं.'

ते कुणाच्या तरी प्रयोगशाळेत, कुठल्या तरी तापमानाला वर आलं होतं. इथं चालवून पाहिलं तर मूळ प्रथिनही तळाशी. सगळंच तळाशी. मामा जेल धुता धुता म्हणाले, 'मॅडम, हे पण खालीच बसायलंय.' आणि गोषवाऱ्यातल्या 'या बदलामुळे' या शब्दांचा आधार गेला. बदल नसतानाही तेच होत असेल तर बदलाला दोष कसा द्यायचा?

मूळ प्रथिनही गोळा का होतं, यावर थोडं थांबणं भाग आहे, कारण अशा कामात बहुतेक घोटाळे इथंच होतात. क्षयाचा जंतू एकाचे दोन व्हायला १८ ते २४ तास घेतो. ई. कोलाय चांगल्या खाद्यावर २० मिनिटांत दुप्पट होतो, आणि वर आपण त्याला आयपीटीजीची टाच मारतो. साखळ्या एवढ्या वेगानं बाहेर पडतात की घडी पूर्ण व्हायच्या आतच शेजारची अर्धवट साखळी येऊन चिकटते. घडी बसलेल्या प्रथिनात पाण्याला न जुमानणारे भाग आत दडलेले असतात. अर्धवट घडीत ते उघडे राहतात आणि एकमेकांना धरतात. हे चिकटणं तापमानाबरोबर वाढतं. घडी बसायला मदत करणारी ग्रोईएलसारखी प्रथिनं ई. कोलायकडे असतात, पण ती त्याच्या रोजच्या गरजेपुरती. शिवाय पायराझिनामायडेजमध्ये सिस्टीन आहेत, तेव्हा हवेशी संबंध आला की चुकीच्या जोड्या जुळण्याची शक्यता. आणि लोह वेळेवर मिळालं नाही तर तीही एक उणीव. यातलं काहीच त्या एका प्रोलीनशी संबंधित नाही.

उपाय पुस्तकात लिहिलेला आहे: तापमान १८ ते २० अंशांवर आणा, आयपीटीजी दहापट कमी करा, रात्रभर सावकाश चालू द्या. वाचायला सोपं. पण महिना मे, गाव परभणी. बाहेर पारा ४३ वर, खोलीत ३८-३९. प्रयोगशाळेतला शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. पडद्यावर १८ लिहिलं तरी आतला फ्लास्क खोलीपेक्षा दोन अंश गरमच. मोठ्या संस्थांमध्ये थंड होणारा शेकर असतो. इथं त्याची किंमत विभागाच्या वर्षाच्या खर्चाला भारी पडते. पहिली युक्ती कूलरची. परभणीची हवा मेमध्ये कोरडी असते, त्यामुळे वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी सुटलं की खोली २८-२९ पर्यंत उतरते, पण त्याखाली नाही. पेशी फोडताना वापरायला बर्फ समोरच्या रसवंतीवरून यायचा, लादीचा तुकडा गोणपाटात गुंडाळून. तोही महत्त्वाचा, कारण ध्वनिलहरींनी पेशी फोडणाऱ्या सॉनिकेटरची कांडी नमुना तापवते, आणि तापलेल्या नमुन्यात विरघळलेलं प्रथिनही गोळा होऊन साक्यात जाऊन बसतं. मग जेलवर दिसणारा गोळा जंतूच्या आत झाला, की फोडताना नळीत झाला, हे जेल सांगत नाही. दहा सेकंद चालू, वीस सेकंद बंद, नळी बर्फात रुतवलेली, हा क्रम त्यानंतर काटेकोर पाळला गेला.

खरा मार्ग शेजारच्या पर्यावरणशास्त्र विभागात होता. तिथं पाण्याच्या तपासणीसाठी बीओडी इन्क्युबेटर असतो, नमुने तीन दिवस २७ अंशांवर ठेवायचा. तो थंडही करतो. नदीच्या पाण्याचे नमुने नव्हते त्या काळात त्याचा एक खण मागून घेतला, त्यात छोटा रोटरी शेकर बसवला, वायर दाराच्या रबरातून बाहेर काढली. शेकरच्या मोटरीची उष्णता आत साठते, म्हणून यंत्र १७ वर लावलं तेव्हा फ्लास्कमधला थर्मामीटर २० वर थांबला. यंत्राच्या पडद्यावर विश्वास न ठेवता फ्लास्कमध्ये थर्मामीटर बुडवून पाहणं, हे माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत चांगलं पाऊल. लाईट गेली की कॉम्प्रेसर बंद, आणि रात्री लाईट गेलेला प्रत्येक फ्लास्क सकाळी ओतून दिला जायचा. वहीत अशा रात्रींची नोंद 'लाईट' एवढ्याच शब्दानं आहे.

२० अंशांवर चित्र वेगळं झालं. मूळ प्रथिनाचा ठळक पट्टा वरच्या पाण्यात आला, थोडा तळाशी राहिला. बदललेल्याचा बहुतेक भाग अजूनही साक्यात, वर फिकट रेघ. एकाच दिवशी, एकाच बर्फात, एकाच जेलवर. आता कुठं दोघांत फरक आहे असं म्हणायची सोय झाली.

पुढची पायरी होती काम तपासायची, आणि तिथं आणखी एक खाच. पायराझिनामायडेजची जुनी, स्वस्त चाचणी आहे: विकर आणि पायराझिनामाइड एकत्र ठेवायचं, मग फेरस अमोनियम सल्फेट टाकायचं, पायराझिनोइक आम्ल तयार झालं असेल तर गुलाबी रंग येतो. मूळ प्रथिनाच्या पाण्यात गुलाबी आला. बदललेल्याच्या पाण्यातही आला, जरा फिका. आनंदी आनंद. मॅडमनी तिसरी नळी लावायला सांगितली होती, रिकामं प्लाझमिड असलेल्या ई. कोलायची. तीही गुलाबी. ई. कोलायकडे स्वतःचं पीएनसी-ए आहे! तेही पायराझिनामाइड फोडतं. म्हणजे पेशींच्या कच्च्या पाण्यातला रंग कुणाचा, हे सांगता येत नाही. आपलंच प्रथिन धरून ठेवणाऱ्या निकेलच्या कॉलमवरून ते शुद्ध केल्याशिवाय ही चाचणी इथं बोलत नाही. बदललेलं प्रथिन विरघळलेल्या रूपात इतकं थोडं मिळतं की शुद्ध केल्यावर हाती फारच कमी लागतं. साका ८ मोलर युरियात विरघळवून हळूहळू युरिया काढत घडी परत बसवायची, हा रस्ता विद्यार्थ्यांना मोहक वाटतो. मी तो नको म्हटलं. ज्या प्रथिनाची घडी बसते का हाच प्रश्न आहे, त्याची घडी नळीत हातानं बसवून मग काम मोजलं, तर मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

सगळ्यांत अवघड आक्षेप यापुढचा, आणि त्याला प्रयोगशाळेतलं एकही यंत्र उत्तर देत नाही. ई. कोलायमध्ये गोळे झाले म्हणून क्षयाच्या जंतूत गोळे होतात असं नाही. तिथं हे प्रथिन थोडंसंच बनतं, आणि घडी बिघडलेल्या प्रथिनांची वासलात लावायला त्या जंतूकडे स्वतःची यंत्रणा आहे: क्लप नावाची प्रथिनं कापणारी जोडी, आणि त्याशिवाय प्रोटिअझोम हा प्रथिनं चिरणारा दुसरा कारखाना, जो जिवाणूंच्या दुनियेत तसा दुर्मीळ. तेव्हा बदललेलं पायराझिनामायडेज तिथं गोळा होण्याआधीच चिरलं जाऊन नाहीसं होत असण्याची शक्यता मला जास्त वाटते. रुग्णाच्या दृष्टीनं निकाल एकच, औषधाचं आम्ल होत नाही. पण 'गुठळ्या होतात' आणि 'प्रथिन टिकत नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि तिच्याकडचा पुरावा दुसऱ्याच्या बाजूनं जास्त झुकतो.

क्षयाच्या जंतूत गोळे होतच नाहीत, असंही नाही. ताणाखाली, विशेषतः ऑक्सिडीकरणानं, कायमची खराब झालेली प्रथिनं मायकोबॅक्टेरिया क्लप-बी या प्रथिनाच्या मदतीनं एका बाजूला गोळा करतात, आणि पेशी विभागताना हा कचरा दोन्ही लेकींत सारखा वाटला जात नाही. एकीच्या पदरात बहुतेक, दुसरी जवळजवळ स्वच्छ. कचरा वाट्याला आलेली औषधाला लवकर बळी पडते. पण ही गोष्ट साऱ्या पेशीच्या प्रथिनांची आहे, एका बदललेल्या विकराची नाही, आणि चर्चेत तिनं दोन्हींची गल्लत करायला सुरुवात केली होती.

याच ओघात एक योगायोग. पायराझिनोइक आम्ल नेमकं कुणाला मारतं याबद्दल बरीच वर्षं वेगवेगळी मतं होती. आज ज्याच्या बाजूनं भक्कम पुरावा आहे ते लक्ष्य म्हणजे पॅन-डी, कोएन्झाइम-ए बनवण्याच्या वाटेवरचं एक विकर. आम्ल पॅन-डीला चिकटतं आणि मग जंतूची क्लप यंत्रणाच त्याला चिरून टाकते. म्हणजे औषधाचा मार्गही एका प्रथिनाचा नाश हाच, आणि पीएनसी-ए बिघडवून जंतू जेव्हा सुटतो तेव्हाही एक प्रथिनच गेलेलं असतं.

रुग्णापर्यंत हे सगळं पोचतं ते एका कंटाळवाण्या कारणानं. पायराझिनामाइडची तपासणी फार त्रासाची आहे. औषध आम्लातच काम करतं, म्हणून द्रव माध्यमाचा सामू ५.९ ठेवावा लागतो. त्या आम्लात जंतू नीट वाढत नाही. नमुना जास्त पडला तर जंतूच सामू वर नेतात आणि औषध चालत नाही असं खोटंच दिसतं. म्हणून जनुक वाचून ठरवणं सोयीचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये अशा बदलांची यादी काढली, २०२३ मध्ये ती वाढवली. पण पीएनसी-एमधले कितीतरी बदल इतक्या कमी रुग्णांत दिसतात की नुसत्या मोजणीवरून निकाल लागत नाही. तिथं प्रथिन टिकतं की नाही हे मोजणाऱ्या छोट्या कामाला किंमत आहे, मोजमाप तुलनेसह असेल तर.

गोषवारा बदलला. आता त्यात आहे: 'ई. कोलायमध्ये २० अंशांवर बनवलेल्या मूळ प्रथिनाच्या तुलनेत बदललेल्या प्रथिनाचा विरघळणारा भाग बराच कमी आढळला. क्षयाच्या जंतूत त्याचं काय होतं हे या प्रयोगातून ठरत नाही.' मुलीला दुसरं वाक्य आवडलं नाही. परीक्षकाला कमीपणाचं वाटेल म्हणाली. मॅडमनी ते राहू दिलं.

पुढचं पाऊल ठरलं आहे: शुद्ध केलेलं प्रथिन, मग थोडं का मिळेना, एका रंगद्रव्याबरोबर अंशाअंशानं तापवायचं आणि घडी कोणत्या तापमानाला सुटते ते पाहायचं. रंगद्रव्य उघड्या पडलेल्या भागांना चिकटलं की चमकतं. त्याला लागणारं यंत्र म्हणजे कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत आलेलं आरटी-पीसीआर, ज्यातली कित्येक आता कापड पांघरून बसलेली आहेत. एका नळीला २५ मायक्रोलिटर नमुना पुरतो, म्हणजे थोड्या मालातही भागतं. परवानगीचं पत्र गेलं आहे, मॅडमच्या आणि विभागप्रमुखांच्या सहीनं. तोवर थंडी येते आहे. डिसेंबरात परभणीचा पारा रात्री एक आकड्यावर उतरतो, आणि मामांनी आत्ताच विचारून ठेवलं आहे की शेकर गच्चीच्या खोलीत हलवायचा का.